वॉल्टर ब्रेनन : कवळी घालून की काढून?

राज्य नाट्यस्पर्धेत दर वर्षी तुझ्या वाट्याला म्हातारा, दारुडा नाहीतर वेडसर मामा येतो, आणि शिबिरात कुणीतरी तुला हॉलिवूडचा जुना कॅरेक्टर नट वॉल्टर ब्रेनन याचे सिनेमे बघायला सांगितलं. त्यावर तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. त्याचे तीन ऑस्कर अभिनयाचे की एक्स्ट्रांच्या, म्हणजे गर्दीत उभं राहणाऱ्या नटांच्या, मतांचे? जन्मभर तो एकच म्हातारा करत राहिला का? आणि त्यातून तू काय उचलायचं? मी नाटकात, मालिकांत आणि सिनेमात कॅरेक्टर रोलच करत आलो, तेव्हा हे उत्तर त्याच धंद्यातल्या माणसाचं समज.

सुरुवात दातांपासून करतो, कारण ब्रेननच्या कारकिर्दीत दातांना जेवढं महत्त्व आहे तेवढं क्वचित कुणाच्या चेहऱ्याला असेल. 1932 च्या सुमारास एका चित्रीकरणात झालेल्या अपघातात त्याचे बरेच दात गेले आणि कवळी आली. वय अडतीसच्या आसपास, काम किरकोळ, घरी बायको आणि मुलं. अशा वेळी नट खचतो. ब्रेननच्या लक्षात आलं की कवळी काढली की गाल आत जातात, हनुवटी वर येते, आवाज फसफसतो आणि आपण क्षणात सत्तरीचे दिसतो. कवळी घातली की पुन्हा चाळिशीतला धडधाकट माणूस. मेकअपवाल्याला दोन तास घालवूनही जे जमत नाही, ते याच्या खिशात होतं.

पुढचा किस्सा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगायचा. 'बार्बरी कोस्ट' (1935) साठी ब्रेननला त्याच्यासमोर आणलं. हॉक्स म्हणाला, दिलेले संवाद वाचून दाखव. ब्रेननने विचारलं, "घालून की काढून?" हॉक्सला कळेना, काय घालून? "दात!" हॉक्सच्या सांगण्याप्रमाणे काम तीन दिवसांचं होतं, त्याने ते सहा आठवडे लांबवलं. हॉक्स किस्से रंगवण्यात पटाईत होता, तेव्हा थोडा मसाला वजा करून घे. पण सिनेमा बघितलास तर 'ओल्ड ॲट्रॉसिटी' नावाचा तो लबाड, बोळक्या तोंडाचा म्हातारा एकेचाळीस वर्षांच्या माणसाने केलाय यावर विश्वास बसत नाही.

माझा मुद्दा दातांच्या पुढचा आहे. कवळी काढणं कुणालाही जमेल. ती काढल्यावर तो म्हातारा कुणाकडे बघतो, ही ब्रेननची खरी करामत. त्यावर येतोच, आधी त्याचा प्रवास.

जन्म 25 जुलै 1894, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी, आयरिश वंशाच्या घरात. शिक्षण तांत्रिक शाळेत, मग पहिल्या महायुद्धात तोफखान्याबरोबर फ्रान्सला. परतल्यावर लॉस एंजेलिसला जमिनींच्या व्यवहारात पैसा कमावला आणि 1920 च्या दशकातच तो सगळा गेलाही. पोटासाठी सिनेमात गर्दीत उभा राहायला लागला. आपल्याकडे मुंबईत ज्याला ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात, तेच काम. दहा वर्षं अशीच. 'द इन्व्हिजिबल मॅन' (1933) मध्ये ज्याची सायकल अदृश्य माणूस पळवतो, तो हाच. 'वुमन हेटर्स' (1934) या थ्री स्टूजेस नावाच्या विनोदी त्रिकुटाच्या लघुपटात रेल्वेचा कंडक्टर तोच. श्रेयनामावलीत नाव असलं तर असलं. याच काळात गॅरी कूपरही गर्दीत उभा राहायचा आणि दोघांची ओळख तेव्हाची. कूपर दोन-एक वर्षांत नायक झाला. ब्रेननला नाव व्हायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि मग दोघांनी मिळून सात-आठ सिनेमे केले.

1935 मध्ये निर्माता सॅम्युअल गोल्डविनने त्याला करारावर घेतलं. हे तुझ्या पिढीला समजायला अवघड जाईल, म्हणून जरा थांबतो. त्या वेळच्या हॉलिवूडमध्ये नट स्टुडिओच्या पगारावर असायचा. काम असो-नसो, ठरलेला पैसा. स्टुडिओकडे काम नसेल तर तो नट दुसऱ्या स्टुडिओला उसना दिला जायचा आणि वरचे पैसे मालकाच्या खिशात. नायकांना ही पद्धत काचायची. कॅरेक्टर नटांना मात्र तिने घडवलं. वर्षाला पाच-सहा सिनेमे, वेगवेगळे दिग्दर्शक, आज जंगल, उद्या कोर्ट, परवा घोड्यांचा तबेला. 1939 या एका वर्षात थॉमस मिचेल हा नट 'स्टेजकोच', 'गॉन विथ द विंड', 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' या पाचही सिनेमांत आहे. इतका रियाज आज कुठल्या नटाच्या नशिबी? आमच्याकडे एका मालिकेत अडकला की तीन वर्षं तोच सोफा आणि तोच सासरा.

आता ऑस्कर.

सहाय्यक भूमिकांसाठी वेगळं ऑस्कर द्यायला अकादमीने 1936 च्या सिनेमांपासून सुरुवात केली, आणि अभिनेत्यांमध्ये ते पहिलं ब्रेननला मिळालं, 'कम अँड गेट इट' मधल्या स्वान बोस्ट्रॉम या स्वीडिश लाकूडतोड्यासाठी. दुसरं 'केंटकी' (1938) मधल्या घोडेवाल्या काकांसाठी, तिसरं 'द वेस्टर्नर' (1940) मधल्या जज रॉय बीनसाठी. पाच वर्षांत तीन. पुढच्याच वर्षी 'सार्जंट यॉर्क' मधल्या पाद्र्यासाठी चौथं नामांकन, पण तेव्हा डोनाल्ड क्रिस्प जिंकला. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा मिळवणारा दुसरा कुणी आजपर्यंत झालेला नाही. गंमत म्हणजे त्या काळी सहाय्यकांना तो सोनेरी पुतळा मिळतच नसे, फलकावर बोळवण व्हायची. पुतळा 1944 च्या समारंभापासून सुरू झाला. म्हणजे मुख्य भूमिकेशिवायच्या नटाची पायरी पुरस्कारातही आखून दिलेली होती.

मतांची गोष्ट खरी आहे. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अकादमीने मतदान कलाकार संघटनांच्या सदस्यांना खुलं केलं, त्यात हजारो एक्स्ट्रा होते. आपल्यातून वर गेलेला माणूस म्हणून ब्रेनन त्यांचा लाडका होता. त्यावरून कुरबूर झाली आणि पुढे 1940 च्या दशकात एक्स्ट्रांचा हा हक्क गेला. पण एक विचार कर. मतांमुळे तो जिंकला असेल, तरी विल्यम वायलर, फ्रँक काप्रा, फ्रिट्झ लँग, जाँ रेन्वार, जॉन फोर्ड यांनी त्याला सिनेमात घेतलं ते काही मतदानाने नाही. हॉक्सने तर सहा सिनेमांत घेतलं. आणि उलटी बाजू बघायची तर थेल्मा रिटर बघ. सहा नामांकनं, एकदाही ऑस्कर नाही, आणि तिच्या तोडीची सहाय्यक अभिनेत्री त्या काळात मला तरी दिसत नाही. पुरस्कारावरून नट मोजायला लागलास तर दोन्हीकडे फसशील.

माझं मत विचारशील तर तीनपैकी 'केंटकी' सगळ्यात कच्चं काम. चव्वेचाळीसचा माणूस ऐंशीचा झालाय, कुरकुर आहे, खेकसणं आहे, शेवटी मरण आहे. सगळं चोख, पण जरा लाउड, आणि मतदाराला आवडेल असं. 'कम अँड गेट इट' मध्ये त्याने केलेले स्वीडिश हेल आज कानाला खटकतात. मात्र त्या सिनेमात एक अवघड गोष्ट त्याने सांभाळली आहे. मित्राने पैशासाठी सोडून दिलेल्या बाईशी स्वान लग्न करतो, आणि आपण दुसरे होतो हे त्याला ठाऊक असतं. हे दुःख तो कुठेही उगाळत नाही. अति चांगुलपणा पडद्यावर चटकन बावळट दिसतो. स्वान तसा दिसत नाही.

'द वेस्टर्नर' मात्र निखळ सोनं आहे. सिनेमातला रॉय बीन हा टेक्सासमध्ये दारूच्या गुत्त्यातच कोर्ट भरवणारा, माणसांना फासावर चढवणारा स्वयंघोषित न्यायाधीश. खरा माणूस होता तो, 1903 मध्ये वारला. इंग्लंडची नटी लिली लँग्ट्री हिच्यावर त्याची भक्ती. सिनेमात त्याच्यासमोर आरोपी म्हणून गॅरी कूपर येतो आणि भिंतींवरची तिची चित्रं बघून थाप मारतो, की मी तिला भेटलोय, माझ्याकडे तिच्या केसांची बट आहे. इथून ब्रेननचा चेहरा बघ. एका बाजूला माणूस मारायची सवय लागलेला जज, दुसऱ्या बाजूला बटेसाठी जीव टाकणारं पोर. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. तो कूपरवर विश्वास ठेवतो असं नाही. विश्वास ठेवावासा वाटतो, एवढंच दिसतं. शेवटी तो लँग्ट्रीच्या प्रयोगाची सगळी तिकिटं विकत घेतो, जुना लष्करी गणवेश चढवून रिकाम्या थिएटरात एकटा बसतो. पडदा वर जातो आणि रंगमंचावर उभा असतो कूपर, कायद्याचा माणूस म्हणून त्याला पकडायला आलेला. बीनची भूमिका आपल्याला खाऊन टाकेल म्हणून कूपर हा सिनेमा करायला कचरत होता असं सांगतात. भीती रास्त होती. पण सिनेमा नीट बघितलास तर कूपर त्यात चमकतो, कारण समोरचा माणूस प्रत्येक शॉटमध्ये त्याला काहीतरी देतोय.

मघाचा मुद्दा तो हा. फुटेज खाणारे सहाय्यक नट खूप असतात. नायक बोलत असताना मागे टोपी फिरवतील, खोकतील, खाजवतील. ब्रेननकडेही असल्या लकबींचं भांडार होतं, आणि वाईट सिनेमांत त्याने ते बिनदिक्कत उधळलंय. पण चांगल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याचं सगळं लक्ष समोरच्या नटावर असायचं. हॉक्सचे नायक घुमे. प्रेम बोलून दाखवणार नाहीत, भीती कबूल करणार नाहीत, चूक तर नाहीच नाही. मग प्रेक्षकाला त्यांच्या पोटातलं कसं कळायचं? ते काम हॉक्सने ब्रेननकडे सोपवलं.

'टू हॅव अँड हॅव नॉट' (1944) घे. हम्फ्री बोगार्ट बोटीचा कप्तान, ब्रेनन त्याचा दारुडा सोबती एडी. एडी भेटेल त्याला विचारतो, मेलेली मधमाशी कधी चावलीय का तुला? लोक वैतागतात, किंवा दुर्लक्ष करतात. लॉरेन बॅकॉल शांतपणे उलट विचारते, तुला चावलीय? तिथल्या तिथे ती एडीच्या परीक्षेत पास. आता हा विनोद नुसता विनोद असता तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. पण तो सिनेमाभर माणसं तोलायचा काटा होतो. जो एडीशी नीट वागतो तो भला, जो झिडकारतो त्याच्यावर नजर ठेवा. बोगार्ट एकदाच सांगतो, दारूच्या नादी लागण्याआधी एडी बोटीवरचा चांगला माणूस होता. एवढंच. त्या एका वाक्यामागचा सगळा भूतकाळ ब्रेननने चालण्यात ठेवलाय. हात जरा दूर, गुडघ्यांत झटका, बोटीवरून उतरलेला माणूस जमिनीवर पाय शोधतोय अशी चाल. शेवटच्या दृश्यात बॅकॉल संगीताच्या तालावर ठुमकत बाहेर पडते आणि मागून एडी सामान घेऊन स्वतःच्या तालात. पुन्हा पुन्हा बघ ते.

'रेड रिव्हर' (1948) मध्ये तो जॉन वेनच्या गुरांच्या तांड्याचा स्वयंपाकी ग्रूट आहे. इथे दातांचा विनोद थेट पटकथेत आलाय. पत्त्यांच्या डावात ग्रूट आपली कवळी एका मूलनिवासी गड्याकडे हरतो, आणि तो ती फक्त जेवणाच्या वेळेला परत देतो. लोकांना हे आठवतं. मला आठवतं ते वेगळंच. वेनचा डन्सन हळूहळू क्रूर होत जातो, माणसं मारतो, आणि सगळा तांडा गप्प. बोलतो फक्त ग्रूट : तुमचं चुकलं, मिस्टर डन्सन. आवाज चढवत नाही, छाती काढत नाही. वर्षानुवर्षं ज्याच्या पाठीमागून चाललो त्याला हे सांगावं लागतंय, याचा त्रास त्या बोळक्या तोंडातून ऐकू येतो. प्रत्यक्षात ब्रेनन वेनपेक्षा तेरा वर्षांनीच मोठा, पण त्या वाक्यात तो बापासारखा वाटतो.

'रिओ ब्राव्हो' (1959) पर्यंत हे नातं इतकं मुरलं की हॉक्सने त्याची थट्टाच केली. लंगडा स्टम्पी तुरुंगाच्या दाराआड बंदूक घेऊन बसतो आणि दिवसरात्र कटकट करतो, की माझं कुणाला कौतुक नाही. वेन एकदा पुढे होऊन त्याच्या टकलाचा मुका घेतो आणि स्टम्पी झाडू घेऊन त्याला हाणतो. वेनच्या सबंध कारकिर्दीत पुरुषाविषयीची माया इतकी उघड दिसलेली मला दुसरीकडे आठवत नाही, आणि ती दिसायला ब्रेननचं टक्कल लागलं.

एकच म्हातारा केला का, हा तुझा दुसरा प्रश्न. वरचे सिनेमे लागोपाठ बघितले तर तसं वाटेल. मग फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (1946) लाव. त्यातला ओल्ड मॅन क्लँटन कुरकुरत नाही, लंगडत नाही, त्याच्यात गोड काहीही नाही. सुरुवातीला गाडीवर बसून हेन्री फोंडाकडे गुरांची चौकशी करतो ती किती मऊ आवाजात! पुढे मुलं मार्शल झालेल्या फोंडासमोर नमतात तेव्हा बाप त्याच मुलांना चाबकाने फोडतो आणि बजावतो, पिस्तूल काढलंस तर माणूस मारायचाच. प्रेमळ काकाचे डोळे तेच, त्यातली ऊब काढून घेतली आहे. या सिनेमाच्या वेळी फोर्डशी त्याचं बिनसलं आणि त्याच्या हाताखाली तो पुन्हा उभा राहिला नाही. आमचं नुकसान. लँगच्या 'हँगमेन ऑल्सो डाय' (1943) मध्ये तो प्रागचा प्राध्यापक आहे, नाझींच्या तावडीत सापडलेला, मोजून बोलणारा. 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक' (1955) मध्ये तो जनावरांचा डॉक्टर आहे आणि गावातला अंत्यविधीचा धंदाही त्याचाच. गावाने केलेलं पाप माहीत असून गप्प बसलेला माणूस. स्पेन्सर ट्रेसीला पळून जायला तो आपली शववाहिका देऊ करतो, आणि गुंड तिच्या तारा उपटून टाकतात, तेव्हा त्याच्या तोंडावर जी शरम दिसते तिला संवाद नाही. म्हणजे दुसरी, तिसरी तऱ्हाही होती. बाजाराने मागितली नाही. हे आपल्याकडेही असंच चालतं, सांगायला नको.

टीव्हीने मग त्याला घराघरांत नेलं. 'द रिअल मॅकॉइज' (1957 ते 1963) मधला लंगडा आजोबा अमेरिकाभर लाडका झाला. 1962 मध्ये 'ओल्ड रिव्हर्स' ही त्याची ध्वनिमुद्रिका, गाण्यापेक्षा बोलणंच जास्त, बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. या काळातलं काम मी फारसं सुचवणार नाही. आजोबा ठरून गेला होता, तो फक्त रोज हजेरी लावत होता. 21 सप्टेंबर 1974 ला कॅलिफोर्नियात ऐंशीव्या वर्षी वारला.

एक गोष्ट लपवत नाही, कारण तू शोधलंस तर सापडेलच. पडद्यावरचा हा मायाळू म्हातारा राजकारणात कट्टर उजवा होता. कम्युनिस्टांच्या शोधात निघालेल्या मोशन पिक्चर अलायन्सचा सदस्य, आणि पुढे नागरी हक्क चळवळीविषयीही कडवट. मला ते आवडत नाही. काम बघताना मी ते विसरतही नाही. क्लँटन बघताना तर मुळीच नाही.

आता तुझ्यासाठी. म्हाताऱ्याची भूमिका आली की आमची मुलं आधी कंबर वाकवतात आणि हात थरथरवतात. ब्रेनन सहसा एकच शारीरिक गोष्ट निवडायचा, चाल नाहीतर आवाज नाहीतर तोंड, आणि ती शेवटपर्यंत धरून ठेवायचा. तूही एकच घे, आणि तिला कारण दे. एडीचे पाय बोटीमुळे तसे आहेत. स्टम्पीचा पाय अधू म्हणूनच तो दाराआड बसलाय आणि म्हणूनच कुरकुरतो. कारण सापडलं की बेअरिंग सुटत नाही. मग तालमीत स्वतःचे संवाद बाजूला ठेवून एकदा फक्त नायकाचे वाच आणि बघ, तो काय बोलू शकत नाहीये. तुझं पात्र नाटकात त्याच जागेसाठी असण्याची दाट शक्यता आहे. लेखकाने तसं लिहिलं नसेल तरीही.

आणि टाळीच्या वाक्यापाशी थांबून प्रेक्षकांकडे बघू नकोस. ग्रूटच्या तोंडी ते वाक्य येतं तेव्हा ब्रेनन वेनकडेच बघतोय.

क्रम असा ठेव : आधी 'टू हॅव अँड हॅव नॉट', मग 'द वेस्टर्नर', मग 'क्लेमेंटाइन', आणि 'रेड रिव्हर' शेवटी. 'रेड रिव्हर' च्या दोन आवृत्त्या फिरतात. एकीत गोष्ट वहीच्या पानांवरून पुढे सरकते, दुसरीत ब्रेननच्या आवाजातलं निवेदन आहे. कोणती बरी यावर जाणकार भांडतात. तू आवाजासाठी दुसरी बघ, आणि शक्य झालं तर डोळे मिटून एकदा नुसती ऐक.